पाटीवरचा ‘इंटरनॅशनल’ आणि घरातली दोन मुले

डिसेंबर-जानेवारी हे मुंबईत शाळाप्रवेशाचे दिवस. आमच्या कुर्ल्यात या दिवसांत वर्तमानपत्राच्या घडीतून रोज एखादे रंगीत पत्रक निघते. हिरवे मैदान, टाय लावलेली मुले आणि वर मोठ्या अक्षरांत ‘इंटरनॅशनल स्कूल’. आमची मुले शिकून कामाला लागली, तेव्हापासून ही पत्रके आम्ही थेट रद्दीत टाकत होतो.

मग धाकटा भाऊ बायको-मुलांसह दोह्याहून परतला. तिथले कंपनीचे काम संपले होते. पुतणी नऊ वर्षांची, चौथीत शिकणारी. पुतण्या सहा वर्षांचा, पहिलीत जाणारा. सामान उतरवून होते न होते तोच भाऊ म्हणाला, “भाई, मुलाला इंटरनॅशनल शाळेत घालायचा. पैसे साठवलेत. कमी पडले तर बघू.” रत्नागिरीकडच्या गावातून तो थेट आखातात गेला होता. मुंबईच्या शाळांची त्याला काहीच माहिती नव्हती. म्हणून आम्ही नवरा-बायको महिनाभर त्याच्याबरोबर शाळा पाहत फिरलो. अनेक घरांत आज हाच विषय चालू असेल, म्हणून जे पाहिले आणि जे शिकलो ते इथे मांडत आहोत.

पाटी वाचायची कशी?

पहिली गोष्ट ही कळली, की ‘इंटरनॅशनल’ हे कुठल्याही परीक्षा मंडळाचे नाव नाही. ते शाळेच्या नावातला एक शब्द आहे. बाबुलनाथची बॉम्बे इंटरनॅशनल स्कूल पालकांनी मिळून १९६२ साली सुरू केली, तेव्हा जगात ‘आयबी’ नावाची गोष्टच नव्हती. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झाले. भारतात ते प्रथम १९७६ साली कोडाईकनालच्या शाळेत आले.

आज मुंबईत या एका शब्दाखाली साधारण तीन प्रकारच्या शाळा आहेत. पहिल्या, मुख्यतः परदेशी वकिलातींतल्या आणि कंपन्यांतल्या लोकांच्या मुलांसाठी निघालेल्या. १९८१ मध्ये सुरू झालेली अमेरिकन स्कूल ऑफ बॉम्बे त्यांपैकी एक. दुसऱ्या, आयबी किंवा केंब्रिजचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या, पण बहुतेक भारतीय मुले असलेल्या. वांद्रे-कुर्ला संकुलातली धीरूभाई अंबानी इंटरनॅशनल स्कूल २००३ मध्ये निघाली, तर गोरेगावची ओबेरॉय इंटरनॅशनल २००८ मध्ये. तिसऱ्या, ज्यांच्या नावात इंटरनॅशनल आहे पण शिकवतात सीबीएसई, आयसीएसई किंवा आपल्या राज्य मंडळाचाच अभ्यासक्रम. आमच्या दारात येणारी बहुतेक पत्रके या तिसऱ्या प्रकारची होती. त्यात गैर काही नाही. मात्र फी कशाची भरतो आहोत, हे पालकाला ठाऊक हवे.

मंडळांचा हिशेब थोडक्यात असा. राज्य मंडळाची दहावी म्हणजे एसएससी. सीबीएसई देशभर चालते आणि आखातातल्या बऱ्याच भारतीय शाळाही त्याच मंडळाच्या आहेत. त्यामुळे तिकडून परतणाऱ्या मुलाला सीबीएसईत बसणे सोपे जाते. आयसीएसईत इंग्रजीवर भर असतो. केंब्रिजची दहावीची परीक्षा म्हणजे आयजीसीएसई आणि त्यापुढे ए लेव्हल. आयबीच्या शेवटच्या दोन वर्षांत सहा विषय, चार हजार शब्दांपर्यंतचा एक शोधनिबंध आणि समाजसेवेसारखी कामे असतात. एकूण गुण ४५.

परदेशी विद्यापीठात जायचे असेल, तर आयबी आणि ए लेव्हलचा उपयोग होतो, हे खरे. भारतातली विद्यापीठेही ती स्वीकारतात. पण डॉक्टर-इंजिनिअर व्हायचे असेल, तर परीक्षा नीट, जेईई किंवा राज्याची सीईटी. नीट आणि जेईईला एनसीईआरटीची पुस्तके जवळची, आणि राज्याची सीईटी राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीवर. आयबीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय एकत्र घ्यायला वेगळी सोय लागते. मुलाला डॉक्टर करायचे स्वप्न पाहत आयबीत घालणाऱ्या आईबापांनी हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

‘पॅटर्न’ नावाची गंमत

एका उपनगरात आम्ही एक शाळा पाहिली. नाव लिहीत नाही. इमारतीचे दोन मजले भाड्याचे, खाली मोबाइलचे दुकान, वर थंडगार स्वागतकक्ष. बोर्ड कोणता, असे विचारल्यावर समोरच्या बाईंनी गोड हसून सांगितले, “सीबीएसई पॅटर्न.” संलग्नता क्रमांक विचारला, तर “प्रोसेसमध्ये आहे.” वरती नोंदणीचे पाच हजार रुपये, जे प्रवेश मिळो न मिळो, परत मिळणार नव्हते.

‘पॅटर्न’ म्हणजे पुस्तके त्या मंडळाची, पण मंडळाची मान्यता नाही. मुलगा दहावीत पोहोचेपर्यंत मान्यता आली नाही, तर त्याला दुसऱ्या शाळेच्या नावावर परीक्षेला बसावे लागते. म्हणून क्रमांक मागावाच. सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळांची यादी त्या-त्या मंडळाच्या संकेतस्थळावर असते. आयबी आणि केंब्रिजचीही असते. आयबीत ‘उमेदवार शाळा’ आणि ‘मान्यताप्राप्त शाळा’ हे दोन वेगळे दर्जे आहेत, तेही पाहावे. शिवाय प्रत्येक शाळेला यू-डायस नावाचा अकरा आकडी सरकारी क्रमांक असतो. तो सांगायला जी शाळा टाळाटाळ करते, तिथून उठावे.

हिशेब बारावीपर्यंतचा

वांद्रे-कुर्ला संकुल आणि आमचे कुर्ले यांच्यामध्ये फक्त मिठी नदी आहे. स्टेशनबाहेरून रिक्षाने जाता येते. पण पलीकडच्या शाळांची फी ऐकली की ती नदी फार रुंद वाटते. शहरातल्या वरच्या फळीच्या आयबी शाळांत वर्षाची फी काही लाखांपासून सुरू होऊन वरच्या वर्गांत दहा लाखांच्या पुढेही जाते. त्या शाळा भावाच्या आवाक्यात नव्हत्या, हे त्यालाही दिसत होते. त्याचे मन बसले होते मधल्या दर्जाच्या एका केंब्रिज शाळेवर. पहिलीची फी तीन लाख. शाळा खरोखर चांगली होती. वाचनालय भरलेले, शिक्षिका मुलांशी खाली बसून बोलणाऱ्या.

त्या रात्री जेवण झाल्यावर दस्तरखान उचलून आम्ही कागद घेऊन बसलो. पहिलीला तीन लाख आणि दरवर्षी दहा टक्के वाढ धरली. बारावीची एका वर्षाची फी साडेआठ लाखांच्या वर गेली. बारा वर्षांची बेरीज झाली चौसष्ट लाख. बस, गणवेश, सहली, परीक्षेची वेगळी फी, शिकवणी हे सगळे त्यात नव्हतेच. भाऊ बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. आजवर त्याने फक्त पहिल्या वर्षाचा हिशेब केला होता. बहुतेक घरांत तेवढाच होतो. मग सातवी-आठवीत फी झेपेनाशी होते आणि नेमक्या अडनिड्या वयात मुलाला शाळा बदलावी लागते.

फीबाबत पालक अगदीच निराधार नाहीत, हेही इथे सांगायला हवे. महाराष्ट्रात २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर फीचा प्रस्ताव ठेवून मंजुरी घ्यावी लागते. आपल्या समाजातले पालक या सभांना फारसे जात नाहीत. जायला हवे, आणि आयांनीही जायला हवे.

हप्ते की व्याज?

त्याच शाळेच्या खिडकीवर फी महिन्याच्या हप्त्यांत भरण्याची सोय असल्याचे पत्रक होते. वर ठळक अक्षरांत ‘बिनव्याजी’. खालची बारीक अक्षरे वाचली, तर हप्ते शाळा घेत नव्हती. एक वित्त कंपनी शाळेला सगळी रक्कम आधी देणार आणि आपल्याकडून महिन्याला वसूल करणार. वर प्रक्रिया शुल्क, आणि हप्ता चुकला तर दंडव्याज.

सूद हराम आहे, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असते. घर-गाडीच्या वेळी आपण चार वेळा विचार करतो. पण मुलाच्या शिक्षणाचे नाव आले की डोळे मिटून सही करतो, कारण कारण नेक असते. असा करार समोर आला, तर तो जसाच्या तसा आपल्या विश्वासातल्या आलिमांना दाखवावा आणि मगच ठरवावे. त्याआधी शाळेलाच विचारावे, की फी थेट तुमच्याकडे तीन-तीन महिन्यांनी भरली तर चालेल का? आम्ही विचारले, तेव्हा तीनपैकी दोन शाळांनी होकार दिला.

“माझी शाळा कुठली?”

एवढे सगळे फिरणे पुतण्यासाठी चालले होते. पुतणीचे काय, हे भावाने ठरवून टाकलेले होते. तिला जवळच्या स्वस्त शाळेत घालायचे. “मुलगी आहे. उद्या निकाह होऊन जाईल. घर मुलाला चालवायचे आहे.” तो हे कठोरपणे बोलत नव्हता. साधा व्यवहार सांगावा तसे सांगत होता.

हिशेब चालू असताना मुलगी दाराशी येऊन उभी राहिली होती. तिने विचारले, “मोठी अम्मी, माझी शाळा कुठली?” कोणी लगेच उत्तर दिले नाही. तेवढ्यात भावजय, जी महिनाभर आमच्यामागून गप्प फिरत होती, ती बोलली. “माझ्या घरी पण हाच हिशेब झाला होता भाभी. भाऊ इंजिनिअर झाला. मला दहावीला त्याच्याहून जास्त टक्के होते. दोह्यात मुलांचा अभ्यास मीच घेतला, तो त्या दहावीच्या जोरावर.”

आम्हाला त्या वेळी हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस आठवली. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक भेट दिली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांना साक्षीदार करण्यासाठी ते त्यांच्याकडे गेले. प्रेषितांनी (स.) विचारले, की सगळ्या मुलांना असेच दिले आहे का? नाही, असे उत्तर आल्यावर त्यांनी साक्षीदार होण्यास नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय करण्यास सांगितले. नुअमान (रजि.) यांच्या वडिलांनी ती भेट परत घेतली. आम्ही ही हकिगत भावाला सांगितली. त्याने ती जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकली होती. शाळेच्या फीशी तिचा संबंध जोडून मात्र त्याने कधी पाहिले नव्हते. खरे सांगायचे तर आम्हीही पाहिले नव्हते. आमच्या स्वतःच्या मुलीच्या वेळी आम्ही किती न्यायाने वागलो, हा विचार त्या रात्री आम्हा दोघांना झोपू देईना.

चौसष्ट लाखांचे दुप्पट केले, तर एक कोटी अठ्ठावीस लाख होतात. ते शक्य नव्हते. म्हणजे प्रश्न बदलला. मुलासाठी सर्वांत महाग कोणती शाळा झेपेल, याऐवजी दोघांना बारावीपर्यंत कोणत्या शाळेत नीट शिकवता येईल, हे आम्ही शोधू लागलो.

दुसरे रस्ते

शोधायला लागल्यावर दिसले, की शहरात रस्ते पुष्कळ आहेत.

मुंबई महापालिका मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शाळा चालवते. मुंबई पब्लिक स्कूल या नावाने तिने इतर मंडळांच्या शाळाही काढल्या आहेत. २०२० पासून जोगेश्वरीच्या पूनम नगरात सीबीएसई आणि माटुंग्याच्या वुलन मिल शाळेत आयसीएसई. पुढे माटुंग्याच्याच एल. के. वाघजी शाळेत केंब्रिज आणि विलेपार्ल्याच्या दीक्षित मार्गावरील शाळेत आयबी. जे शिक्षण नदीपलीकडे लाखोंना मिळते, त्या मंडळाचे शिक्षण इथे मोफत आहे. जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून सोडत निघते. अर्जाच्या तारखांवर लक्ष ठेवावे.

दुसरा रस्ता शिक्षण हक्क कायद्याचा. २००९ च्या या कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी आहेत. आर्थिक दुर्बल गटात वर्षाचे उत्पन्न एक लाखाच्या आत लागते. मात्र ओबीसी मुलांना उत्पन्नाची अट नाही. मोमीन, पिंजारी, तांबोळी, बागवान अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत येतात. तरी जातीचा दाखला काढलेला नसल्याने पुष्कळ घरे बाहेर राहतात. आमच्या मजल्यावरच्या एका मोमीन कुटुंबाने दाखला वेळेत काढला आणि त्यांचा मुलगा आज चांगल्या शाळेत फी न भरता शिकतो आहे. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही सवलत आठवीपर्यंतच असते, नववीपासून पूर्ण फी भरावी लागते. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, म्हणजे आपल्याच ट्रस्टच्या शाळेत या जागा नसतात.

तिसरा रस्ता आपल्या संस्थांचा. अंजुमन-ए-इस्लाम १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि सहकाऱ्यांनी उभी केली. त्या सहकाऱ्यांत नाखुदा मोहम्मद अली रोगे हे कोकणी गृहस्थही होते. तेव्हापासून शहरात आणि उपनगरांत आपल्या ट्रस्टच्या उर्दू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढत आल्या. सगळ्या सारख्या नाहीत. काही फार चांगल्या आहेत, तर काही ठिकाणी विज्ञानाच्या शिक्षकाची जागाच रिकामी. म्हणून नावावर न जाता जाऊन पाहावे.

हिफ्ज करणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा रस्ता आहे. तिथून उर्दू किंवा मराठीतूनही दहावी देता येते. हाफिज झालेल्या मुलाची दहावी राहून गेली, असे आता होऊ देऊ नये.

दीन आणि मराठी

भावाला एक काळजी अशी होती, की मोठ्या शाळेत मुले दीनपासून लांब जातील. त्या केंब्रिज शाळेत आम्ही जुम्याची सुट्टी, डब्यातले जेवण, मुलींचा पोशाख याबद्दल सरळ विचारले आणि सरळ उत्तरे मिळाली. ‘इस्लामिक’ म्हणवणाऱ्या एका शाळेत हाच प्रश्न विचारायची गरज नव्हती, पण गणिताच्या शिक्षिका वर्षात तीनदा बदलल्याचे बाहेर उभ्या पालकांकडून कळले. शाळेने नमाजची जागा द्यावी, ही अपेक्षा रास्त आहे. नमाजची सवय मात्र घरातच लागते. शाळा आणि प्रवास यांत मुलाचे दहा तास गेले, तर संध्याकाळच्या मक्तबमध्ये ते पेंगते. म्हणून शाळा घराजवळ असणे हाही दीनी तालीमचाच भाग आहे, असे आम्हाला वाटते.

तसेच मराठीचे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. आपल्या घरांत मराठी बोलली जाते, तरी पुतण्याला मराठी अक्षरे येत नव्हती. गावच्या आजीची चिठ्ठी त्याला वाचता यावी, एवढे तरी शाळेत शिकवतात का, हे आम्ही प्रत्येक ठिकाणी विचारले.

शाळेत गेल्यावर विचारावे

कोणत्याही शाळेत फी भरण्यापूर्वी हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत:

- मंडळ कोणते, संलग्नता क्रमांक काय, यू-डायस क्रमांक काय?
- गेल्या पाच वर्षांत फी कितीने वाढली? फीशिवाय वर्षाचा एकूण खर्च किती?
- बारावीपर्यंत वर्ग आहेत का? नसतील तर मुले पुढे कुठे जातात?
- एका वर्गात मुले किती? शिक्षक किती वर्षांपासून आहेत?
- फी थेट शाळेत हप्त्याने भरता येते का?
- जुम्याची नमाज, जेवण आणि पोशाखाबद्दल नियम काय आहेत?

आणि एक प्रश्न घरी विचारावा: हीच शाळा आपल्या सगळ्या मुलांना झेपेल का?

भावाने शेवटी दोन्ही मुलांना एकाच शाळेत घातले. आपल्याच एका ट्रस्टची इंग्रजी माध्यमाची शाळा, राज्य मंडळाची, घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. मुलाची फी पहिलीला साठ हजार. त्याच दहा टक्के वाढीने धरले, तर बारावीपर्यंत एका मुलामागे तेरा लाखांच्या आत. मुलीचे वर्ष वाया गेले नाही. शाळेच्या नावात इंटरनॅशनल नाही, हे भावाला पहिले काही दिवस नातेवाइकांना सांगताना अवघड गेले. आता जात नाही.

पुतणी सकाळी धाकट्या भावाचा हात धरून जाते. संध्याकाळी दोघे आमच्याकडे मराठी वाचायला बसतात. मुलाची बाराखडी पूर्ण झाली आहे. भावजयीने एनआयओएसच्या बारावीचा अर्ज आणून ठेवला आहे, भरायचा की नाही यावर घरात बोलणे चालू आहे. भरावा, असे आमचे मत आहे. अल्लाह तिची वाट सोपी करो आणि आपल्या सगळ्यांच्या मुला-मुलींना नफा देणारे इल्म देवो. आमीन.